आधी झळाळी, मग तपासणी

सोमवार, ११ मार्च

रादोवान,

आज सकाळी आमचा उत्पादनप्रमुख ओंद्रुश याने माझ्याच सहीचा एक जुना अहवाल माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या आधारावर तोफेच्या अकरा नळ्या पास करा म्हणून सांगितलं. अहवाल फेब्रुवारी १९९८ चा आहे. तोच. म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही. मी आजारी नाही, मरायला टेकलेली नाही, आणि देवळात जायलाही लागलेली नाही.

फोन चार वेळा केला. तू उचलत नाहीस. ओरावातला तुझा पत्ता आपल्या मावसबहिणीने दिला. देताना म्हणाली, "आता आणखी काय हवंय तुला त्याच्याकडून?" प्रश्न रास्त आहे. उत्तर पुढे देते.

काम तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण मधे सव्वीस वर्षं गेली आणि काहीही बदललेलं नाही. नळी तयार झाली की मैदानावर दोन जबर बार काढतात. मग ती आमच्याकडे येते. चेंबरमध्ये, म्हणजे मागे जिथे गोळा आणि दारू बसते तिथे, लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर रंग तिच्यात मुरलेला असतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ नाही, तर शिक्का. हे बार काढल्यानंतर आणि घासण्याआधी करायचं. आधी घासलं तर पोलाद भेगेच्या तोंडावर ओढलं जातं, तोंड मिटतं आणि रंग आत शिरत नाही. भेग आहे तिथेच असते, फक्त दिसत नाही.

ओंद्रुशने अकराही नळ्यांची चेंबरं आधीच घासून घेतली आहेत. बुधवारी मंत्रालयाचे पाहुणे येणार, त्यांना काजळी कशाला दाखवायची? मी हरकत घेतली. तो छत्तीस वर्षांचा आहे, नेहमी हसतमुख असतो आणि मला कधी नावाने हाक मारत नाही.

"इंजिनिअरबाई," तो म्हणाला, "नियम तर तुमच्यामुळेच आला. वाचू? 'अनुभवी आणि शुद्धीवर असलेल्या कामगाराने चेंबर तपासणीपूर्वी घासल्यास बाध नाही.' आमचा गडी अनुभवी आहे. शुद्धीवर तर इतका, की साखरेमुळे त्याला बिअरसुद्धा बंद आहे."

"घासलं की भेग मिटते."

"मग तुम्ही तेव्हा उलटं का लिहिलंत?"

मी म्हटलं, या नळ्या आम्लाने धुऊन पुन्हा तपासू. आम्ल वरचा ओढलेला थर खातं, भेग पुन्हा उघडी पडते. एकेका नळीला दोन दिवस लागतील. तो म्हणाला, नियमात नाही. शुक्रवारी ट्रक आहे. पलीकडे, सरहद्दीच्या पूर्वेला, वाट बघताहेत.

तो नियम रद्द करायचा असेल तर अहवाल मागे घ्यावा लागेल. एकटीने घेतला तर म्हणतील, बाई त्रेसष्ट वर्षांची, तीन महिन्यांनी निवृत्त होणार, युद्धाच्या बातम्या बघून मन हळवं झालं. म्हणून मला तुझी सही हवी. त्या दिवशी चेंबर आधी घासायला कोणी सांगितलं, एवढंच एका कागदावर लिहून दे.

त्या अहवालात काही गोष्टी अपुऱ्या लिहिल्या गेल्या, हे मला मान्य आहे.

झेल्मीरा


शनिवार, १६ मार्च

रादोवान,

माझंच पत्र परत आलं. पाकीट बघून वाटलं, न उघडताच पाठवलंस. उघडलं तर समासभर तुझी सुताराची पेन्सिल. जशी मी खात्यातल्या पोरांच्या कागदांवर खुणा करते तशी. बरं. ओळीने उत्तरं देते.

"काही गोष्टी अपुऱ्या लिहिल्या गेल्या" या वाक्याखाली तू दोन रेघा मारून लिहिलंस, "कोणी लिहिल्या? उंदरांनी?"

मी लिहिल्या. आणि अपुऱ्या नव्हे, खोट्या. आता तुला सगळं पेन्सिलीशिवाय वाचता येईल असं लिहिते.

१४ जानेवारी १९९८ ला तुझा नामदिवस होता, कॅलेंडरातला तुझ्या नावाचा दिवस. प्रथेप्रमाणे तू खात्यात बाटली आणलीस आणि प्रत्येकाने एकेक पेला घेतला. मीही घेतला. आलुबुखाराची दारू, बाबांच्या झाडाची. दुसऱ्या दिवशी परदेशी गिऱ्हाईक यायचं होतं. त्या दिवशी सकाळीच मी तुझ्या यंत्रापाशी आले आणि म्हणाले, चेंबर आरशासारखं दिसलं पाहिजे. तू विचारलंस, "रंगाच्या आधी?" मी म्हणाले, "रंग नंतर लावू. उगाच वाद घालू नकोस." तू तरी म्हणालास, "झेल्का, हे बरोबर नाही." मी म्हणाले, "इथे मी झेल्का नाही."

तू घासलंस. मी रंग लावला. रेघ उमटली नाही. मी शिक्का मारला. गिऱ्हाइकासमोर सोळा बार नीट झाले. सतराव्याला मागचा भाग फाटला आणि तोफ डागणारा वेंडेलीन गेला.

संध्याकाळी त्या वेळच्या संचालकाने मला बोलावलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "पद्धत चुकली असं ठरलं तर करार जाईल आणि कारखाना बंद होईल. माणूस चुकला असं ठरलं तर फक्त माणूस जाईल." गावात तेव्हा दर तिसऱ्या घरात बेकारी होती. मी लिहिलं, की कामगाराने परवानगीशिवाय घासलं, आदल्या दिवशीची दारू अंगात होती, हात घसरला, हत्याराचा ओरखडा पडला आणि तिथून नळी फाटली. नुसत्या घासण्यात धोका नाही. हे शेवटचं वाक्य मी कारखान्यासाठी लिहिलं. त्याचाच नियम झाला.

ओरखडा नव्हता. फाटलेला तुकडा मी भिंगाखाली पाहिला होता. भेग जुनी होती, आतून काळी पडलेली. ती तुझ्या आधीपासून होती.

तुला चौदा महिन्यांची कैद झाली. मला बढती.

दुसरी खूण. "युद्धाच्या बातम्या बघून मन हळवं झालं" यापुढे तू लिहिलंस, "तुझं? म्हणणाऱ्याला तू माहीत नाहीस." हसले मी. खात्यातल्या दोघी दचकल्या.

पाहुणे येऊन गेले. मंत्रालयाच्या एका साहेबाने चेंबरमध्ये वाकून स्वतःचं तोंड बघितलं आणि केस सारखे केले. बाकीच्यांनी फोटो काढले. मग अंड्याचे आणि लोणच्याचे सजवलेले पाव खाल्ले आणि गेले.

तिसरी खूण, पानाच्या तळाशी. "आगाताला सांगितलंस? आधी तिला. मग माझी सही."

वेंडेलीनच्या बायकोला. ती बेकरीच्या खिडकीत असते, मी रोज तिच्याकडून पाव घेते, गेली सव्वीस वर्षं. आम्ही "शुभ सकाळ" आणि "आणखी काही?" एवढंच बोलतो. तू जे मागतो आहेस ते योग्य आहे. पण सवड नाही, रादोवान. उरलेल्या दहा नळ्या पुढच्या शुक्रवारच्या ट्रकमध्ये जातील. आधी सही पाठव, मी तिच्याकडे नंतर जाईन. शब्द देते.

झेल्मीरा


बुधवार, २० मार्च

रादोवान,

काल योझेफचा, म्हणजे बाबांचा, नामदिवस. बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावून घरी आले तर फोन वाजला. सव्वीस वर्षांनी तुझा आवाज, आणि एकच वाक्य, "पहिल्या पत्रात अकरा होत्या, दुसऱ्यात दहा कशा?" तू फोन ठेवलास.

अकरावी गेली. गेल्या शुक्रवारी. पाठवणीच्या कागदावर माझी सही आहे. शनिवारी तुला पत्र लिहिताना हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय आहे, असं तू म्हणशील. म्हण.

झालं ते असं. शुक्रवारी दुपारी ट्रक आवारात उभा होता, इंजिन चालू. मी अकराही नळ्यांना नाही म्हणून बसले होते. ओंद्रुश आला. हसत नव्हता. त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक माणूस, त्यांच्या तोफखान्यातला. आपली भाषा मोडकी बोलत होता.

"बाई, तुम्ही नळीवाल्या?"

"तपासणीवाली."

"आमची नळी पार झिजली. गोळा मागतो तिथे पडत नाही. परवा आपल्याच खंदकाजवळ पडला. तुमची नळी कधी?"

"तपासून पाठवते."

"किती दिवस?"

"दोन."

"बाई, दोन दिवसांत आम्ही इथे असू का ते विचारा."

मी फोन परत केला. ओंद्रुश म्हणाला, "एक तरी द्या. एक. बाकीच्यांचं पुढच्या आठवड्यात भांडू."

मी अकराही चेंबरं पुन्हा भिंगाने पाहिली आणि सगळ्यांत चांगली निवडली. चांगली कशावरून, विचारू नकोस. सगळ्या सारख्याच चमकत होत्या. सही केली. ओंद्रुशसाठी नाही. त्या आवाजासाठी, असं मी स्वतःला सांगते. तुझ्या वेळी मी कारखान्यासाठी असं सांगितलं होतं. माझ्याकडे कारण नेहमी चांगलंच असतं.

काल फोन ठेवल्यावर कोट काढला नव्हता, तशीच आगाताकडे गेले.

तिने दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग तू माझ्या दारात कशी? बूट काढ, फरशी ओली आहे."

स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत होती. बस म्हणाली नाही, मी उभ्याने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, त्याहून जास्त लागत नाहीत. तिचा सुरी धरलेला हात थांबला नाही.

"म्हणजे कोर्टाच्या पायरीवर मी चुकीच्या माणसावर थुंकले."

"हो."

"आणि तू शेजारी उभी होतीस."

"हो."

"रुमाल पण तूच दिलास मला. तोंड पुसायला."

त्यालाही हो म्हणाले.

तिचे आणखी दोन बटाटे सोलून झाले. मग म्हणाली, "आणि आज आलीस, ते मन हलकं करायला? माझ्या घरी? सव्वीस वर्षं पाव विकते तुला, रोज ताजा बघून देते, बाई एकटी राहते म्हणून."

"मन हलकं करायला नाही. नळ्या अडवायच्या आहेत. रादोवान म्हणाला, आधी तुला सांगायचं."

"तो म्हणाला?"

"हो."

"त्याला म्हणावं," ती म्हणाली आणि थांबली. "काही नको. मी माझं बघेन." मग माझ्याकडे न बघता, "त्या कागदात वेंडेलीनचं नाव नीट लिही. मागच्या वेळी तू 'चाचणी कर्मचारी' लिहिलं होतंस. मी वाचलंय. त्याला नाव होतं, आणि दोन मुलं."

"लिहिते."

"मग इथे काय उभी? जा, अडव."

आज सकाळी बेकरीच्या खिडकीत तिची सून होती.

मी सरकारी निरीक्षकांना पत्र दिलं आहे. इव्हेता लिशकोवा नावाची बाई आहे, तरुण, कोरडी, मला बरी वाटली. ती शुक्रवारी दहा वाजता येते. अकराव्या नळीचं मी तिला पहिल्या ओळीत सांगितलं. तिने विचारलं, "आज का सांगताय, गेल्या शुक्रवारी का नाही?" मी म्हटलं, शुक्रवारी माझा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. तिने ते लिहून घेतलं नाही.

आगाताला सांगून झालं. आता तुझी पाळी. नाही आलास तरी मी एकटी जाणार आहे, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मी दम देते आहे.

झेल्मीरा


रविवार, २४ मार्च

रादोवान,

तू आलास. कागद उभ्याउभ्याने लिहिलास, एक पान, एकही खाडाखोड नाही. लिशकोवाबाईंनी खुर्ची पुढे केली तर म्हणालास, "बसायची सवय इथे सुटली." नंतर सहाव्या नळीच्या चेंबरवर अंगठा फिरवून ओंद्रुशला म्हणालास, "तुमचा गडी माझ्यापेक्षा झकास घासतो. देव त्याला वाचवो."

तू गेल्यावरचं सांगते. दहाही नळ्यांना सरकारी मोहोर लागली. शुक्रवारीच तीन नळ्या एकदम आम्लाने धुवायला घेतल्या, काल त्या झाल्या. दोन स्वच्छ निघाल्या. तिसरीवर पूड मारली आणि आम्ही घड्याळ लावून बसलो. चौथ्या मिनिटाला रेघ आली. आधी केसाएवढी, मग स्पष्ट. घासणाऱ्या गड्याने ती पाहिली. दारातून बाहेर गेला आणि आवारातल्या नळावर कितीतरी वेळ हात धूत राहिला. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, तुझी चूक नाही, तुला सांगितलं ते तू केलंस. हे वाक्य एवढं सोपं आहे हे मला माहीत नव्हतं. दोन सेकंद लागतात.

ओंद्रुशने मला कामावरून दूर केलं आहे. कागदावर "चौकशी होईपर्यंत" असं आहे. चौकशी माझीच होणार. लिशकोवाबाई म्हणाल्या, जुन्या प्रकरणाची मुदत कदाचित संपली असेल, अकराव्या नळीची नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

आता फाटकाशी तू जे विचारलंस त्याचं. "आई मला दारुडा समजून गेली का?" बस आली होती आणि मी उत्तर दिलं नाही. बस नसती तरी दिलं असतं असं नाही. म्हणून लिहून देते.

नाही. आईला माहीत होतं. अहवालावर सही केली त्याच आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "दोघंही आत गेलात तर मला मातीत कोण घालेल? एक तरी बाहेर राहा." त्यानंतर ती तुझ्याबद्दल माझ्याशी बोलली नाही, आणि तुला तुरुंगात पत्रही लिहिलं नाही. तिला खोटं लिहिता येत नसे आणि खरं लिहिलं असतं तर मी आत गेले असते. तुला वाटलं ती तुझ्यावर चिडली आहे. मला माहीत होतं तुला तसं वाटतंय. मी वाटू दिलं. तू सुटून आलास तोवर तिला जाऊन सात आठवडे झाले होते.

शेवटच्या दिवसांत ती तुझा जुना निळा डगला पांघरत होती. थंडी वाजते म्हणायची. जूनमध्ये.

क्षमा मागत नाही. तू दिलीस तर ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही, आणि नाही दिलीस तर तू बरोबर असशील.

पलीकडून निरोप नाही. लिशकोवाबाईंनी गुरुवारी सकाळीच कळवलं होतं, की ती नळी वापरू नका. तोफखान्यातल्या त्या माणसाला मी स्वतः ओंद्रुशच्या फोनवरून फोन लावून पाहिला. वाजत राहतो.

सोबत उद्याच्या सुपूर्दनाम्याची नक्कल पाठवेन. तुझं नाव त्यात आहे, म्हणून ती तुझ्याकडे असायला हवी.

झेल्मीरा


सोमवार, २५ मार्च
सुपूर्दनाम्याची नक्कल

देणार: झेल्मीरा ग्रोमोवा, इंजिनिअर, तपासणी विभाग (कामावरून दूर).
घेणार: इव्हेता लिशकोवा, सरकारी निरीक्षक.

खालील गोष्टी आज सकाळी अकरा वाजता सुपूर्द केल्या.

फेब्रुवारी १९९८ चा अहवाल, मूळ प्रत. प्रत्येक पानावर "खोटा, मी मागे घेते" असं लिहून देणाराची सही.

देणाराचं निवेदन, सात पानं. वेंडेलीन क्रायचो, वय एकोणतीस, चाचणीमैदानावरील तोफची, याच्या मृत्यूचं खरं कारण त्यात नोंदलं आहे.

रादोवान ग्रोमा, देणाराचा भाऊ, पूर्वीचा कामगार, याचं निवेदन, एक पान.

फाटलेल्या नळीच्या तुकड्याचे भिंगाखालचे फोटो, चार. १९९८ पासून देणाराच्या घरी होते.

नळ्या, मोहोरबंद, दहा. पैकी आजवर आम्लाने धुऊन तपासलेल्या चार. भेग आढळलेल्या दोन. लांबी अनुक्रमे एकोणीस आणि एकेचाळीस मिलिमीटर.

अकरावी नळी: पाठवणीच्या कागदाची प्रत, देणाराच्या सहीसह. नळी शनिवार १६ मार्चला पोचली व रविवारी तोफेवर चढवली, असं वाहतूकदाराच्या कागदावरून दिसतं. वापर थांबवण्याचा निरोप गुरुवार २१ मार्चला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पाठवला. शुक्रवारी, शनिवारी दोनदा आणि आज सकाळी पुन्हा पाठवला. पोच नाही.

नळ्या एकूण अकरा. सुपूर्द दहा.

देणाराची सही. घेणाराची सही.